प्राणिसंग्रहालयांतील जंतुसंसर्ग व त्यांची पाहणी

बंदिवासातील वन्य प्राण्यांना होणाऱ्या आणि त्यांच्यापासून माणसांनाही होऊ शकणाऱ्या जंतुजन्य रोगांचा नियमितपणे शोध घेणे, संसर्ग झालेला प्राणी वेगळा काढणे व त्याच्या सहवासातील इतर प्राण्यांची आणि माणसांची तपासणी करणे, एवढी कार्ये या पाहणीत अंतर्भूत होतात. क्षयरोग, साल्मोनेला गटातील जंतूंमुळे होणारे आंत्ररोग, पोपटवर्गीय पक्ष्यांपासून होणारा सिटॅकोसिस, लेप्टोस्पायरा व ब्रूसेला या जंतूंचे रोग हे यांतील प्रमुख होत. त्यांपैकी क्षयरोगाचा इतिहास हाच या पाहणीचा बराचसा इतिहास आहे. हा रोग सावकाश वाढतो, बाह्य लक्षणे दिसण्यापूर्वी दीर्घकाळ सुप्त राहतो आणि माणसाकडून प्राण्याकडे व प्राण्याकडून माणसाकडे अशा दोन्ही दिशांनी जातो. यांतील पहिली दिशा प्रथम लक्षात आली. दुसरीकडे पुरेसे लक्ष जाण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेचे उद्यान १८२८ मध्ये संस्थेच्या सभासदांसाठी व १८४७ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी खुले झाले. उद्यानात मृत्यू पावणाऱ्या प्राण्यांचे शवविच्छेदन करण्यासाठी संस्थेने १८६५ मध्ये स्वतंत्र विच्छेदकाचे पद निर्माण केले. या पदाचा मूळ हेतू तुलनात्मक शारीराच्या अभ्यासाचा होता, रोगनिदानाचा नव्हता. तथापि मृत्यूची कारणे नोंदण्याची शिस्त त्यातूनच लागली. ॲल्फ्रेड हेन्री गॅरड यांनी या पदावर असताना ७ जुलै १८७५ रोजी मृत्यू पावलेल्या एका भारतीय हत्तीच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हत्तीच्या क्षयरोगाची आधुनिक वैद्यकातील पहिली नोंद म्हणून तो पुढे वारंवार उद्धृत झाला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला, म्हणजे ही नोंद जंतूच्या शोधाच्याही सात वर्षे आधीची आहे [⟶ क्षयरोग].

शवविच्छेदनाने रोग कळे, परंतु तो कळेपर्यंत शेजारच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना त्याची बाधा झालेली असे. माकडांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवली. उष्ण प्रदेशांतून आणलेल्या माकडांना थंडी बाधते, या समजुतीने युरोप-अमेरिकेतील माकडघरे बंदिस्त व कृत्रिम रीत्या तापविलेली असत. तेथे प्रेक्षकांची गर्दी होई आणि लोक आपल्या हातातील उष्टे खाद्य पिंजऱ्यात सारत. अशा कोंदट जागेत माणसांकडून आलेला क्षयजंतू एका माकडाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने पसरे. माकड अखेरपर्यंत तरतरीत दिसते व मग काही दिवसांतच मरते, त्यामुळे केवळ निरीक्षणाने निदान होत नसे.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार प्रथम फिलाडेल्फिया येथे झाला. १८७४ मध्ये उघडलेल्या तेथील प्राणिसंग्रहालयाने १९०१ मध्ये स्वतःची विकृतिविज्ञान प्रयोगशाळा स्थापन केली; ती पुढे पेनरोझ प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. कॉख यांनी १८९० मध्ये क्षयावरील औषध म्हणून पुढे आणलेले ट्युबरक्युलीन उपचारात निष्फळ ठरले होते, परंतु निदानासाठी त्याचा उपयोग होतो हे गुरांच्या तपासणीत सिद्ध झाले होते. जंतुबाधित जनावराला ते त्वचेखाली टोचल्यास ज्वर येतो. हीच कसोटी माकडांना लावण्यात मात्र एक अडचण होती. निरोगी माकडाचे तपमानही दिवसभरात बरेच खालीवर होते आणि त्यास पकडताना झालेल्या झटापटीनेही ते वाढते. फिलाडेल्फियाच्या संस्थेचे चिटणीस आर्थर अर्विन ब्राउन यांनी १९०९ मध्ये लंडनच्या संस्थेच्या कार्यवृत्तात माकडांवरील ट्युबरक्युलीन परीक्षेविषयी लेख प्रसिद्ध केला, त्यात सस्तन प्राण्यांच्या तपमानाच्या नोंदी जोडण्याचे कारण हेच होय. नव्याने आलेले माकड वेगळे ठेवणे, त्याची परीक्षा घेणे आणि मगच त्यास समूहात सोडणे, हा क्रम यातून रूढ झाला. प्रयोगशाळेचे विकृतिवैज्ञानिक हर्बर्ट फॉक्स यांनी तेथील शवविच्छेदनांच्या नोंदींवर आधारलेला बंदिवासातील सस्तन प्राणी व पक्षी यांच्या रोगांवरील ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध केला.

याच सुमारास क्षयजंतूच्या प्रकारांविषयीचा वाद निकालात निघाला. अमेरिकन शास्त्रज्ञ थीओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये गुरांतील व माणसांतील क्षयजंतू भिन्न असल्याचे दाखविले. त्यानंतर १९०१ च्या लंडन परिषदेत गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही, असे मत कॉख यांनी मांडले. ब्रिटनमधील शाही आयोगाने १९०१ ते १९११ या काळात केलेल्या प्रयोगांनी ते खोटे ठरविले. प्राणिसंग्रहालयांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, सिंह-वाघांना घातले जाणारे रोगट गुरांचे मांस आणि पिलांना पाजले जाणारे न तापविलेले दूध हीही संसर्गाची द्वारे होती. लंडन येथे पीटर चामर्स मिचेल यांनी १९०३ ते १९३५ या आपल्या चिटणीसपदाच्या कारकीर्दीत तापविलेल्या बंदिस्त घरांऐवजी मोकळ्या हवेचा पुरस्कार केला.

त्वचेत ट्युबरक्युलीन टोचून स्थानिक सूज पाहण्याची मांतू यांची पद्धती १९०८ पासून प्रचारात आली आणि तपमानाचा प्रश्न मागे पडला. माकडांत ही परीक्षा वरच्या पापणीत करतात. तेथील सूज दुरूनही दिसते, त्यामुळे २४, ४८ व ७२ तासांनी निरीक्षण करताना प्राण्यास पुन्हा पकडावे लागत नाही. परंतु एका जातीस योग्य ठरलेली कसोटी दुसरीस लागू पडेलच असे नाही, हे या क्षेत्रातील सर्वांत कष्टाने मिळालेले ज्ञान म्हणावे लागेल. ओरांगउटानात संसर्ग नसतानाही पापणी सुजते. रोग पराकोटीस गेलेल्या माकडात ती मुळीच सुजत नाही. हत्तीच्या बाबतीत तर त्वचापरीक्षा विश्वसनीयच नाही. गुरांसाठी व माणसांसाठी तयार झालेली साधने वन्य प्राण्यांवर तशीच वापरली गेल्यामुळे कित्येक निरोगी प्राणी संशयित ठरले असावेत आणि रोगी प्राणी सुटले असावेत.

प्राण्यांकडून माणसाकडे होणाऱ्या संक्रमणाचे पुरावे १९८० नंतर एकामागून एक पुढे आले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका सागरी उद्यानातील सीलवर्गीय प्राण्यांत १९८६ मध्ये क्षयरोग आढळला. त्यांना पूर्वी शिकविणाऱ्या एका इसमास १९८८ मध्ये फुप्फुसाचा क्षय झाला आणि दोहोंतील जंतू एकच असल्याचे दिसून आले. या जंतूस २००३ मध्ये मायकोबॅक्टिरियम पिनिपेडी असे स्वतंत्र नाव मिळाले. नेदर्लंड्समधील एका प्राणिसंग्रहालयात याच जंतूची साथ आली, तेव्हा २९ पैकी १३ जलसिंह आणि तपासलेल्या २५ पैकी ६ रक्षक बाधित ठरले. जलसिंहांच्या जागा धुताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू श्वासावाटे आत जात असावेत. अमेरिकेतील लुइझिॲना राज्यात एका गेंड्यापासून त्याच्या सेवकांना झालेल्या संसर्गातही गोठ्याच्या सफाईकडे बोट दाखविले गेले.

या प्रश्नास खरी निकड आली ती हत्तींमुळे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या एका खाजगी प्राणिक्षेत्रातील तीन हत्ती १९९४ ते १९९६ या काळात फुप्फुसाच्या क्षयाने मेले आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये चौथ्या, जिवंत हत्तीतही जंतू आढळला. हा जंतू गुरांचा नव्हे, तर माणसाचा क्षयजंतू (मायकोबॅक्टिरियम ट्युबरक्युलॉसिस) होता. तेथील २२ सेवकांची तपासणी केली असता ११ जणांची त्वचापरीक्षा सकारात्मक आली व एकास प्रत्यक्ष रोग झाला होता. त्याच्यातील व चारही हत्तींमधील जंतूंचा जनुकीय ठसा एकच निघाला. माणसाने हत्तीस रोग दिला की हत्तीने माणसास, याचा निवाडा ठशावरून होत नाही. हत्तीपासून माणसापर्यंत हा जंतू पोहोचू शकतो, एवढे मात्र त्यानंतर नाकारता येण्याजोगे राहिले नाही.

अमेरिकेत १९९७ मध्ये हत्तींसाठी मार्गदर्शक नियम तयार झाले. त्यांत सोंडेच्या धुवणाची परीक्षा सांगितली होती. सुमारे ६० मिलि. निर्जंतुक लवणजल सोंडेत ओतून ती वर उचलावयास लावतात आणि मग हत्तीस ते पिशवीत फुंकरून टाकावयास शिकवितात. असे तीन नमुने वेगवेगळ्या तीन दिवशी घेऊन त्यांचे संवर्धन करतात; जंतू मंदगती असल्याने उत्तर मिळण्यास सुमारे आठ आठवडे लागतात. शिकविलेला, माहुताचे ऐकणारा हत्ती असल्याशिवाय ही परीक्षा होऊच शकत नाही. शिवाय बाधित हत्ती जंतू सतत बाहेर टाकत नाही व सोंडेत मातीतील इतर जंतूही भरपूर असतात. त्यामुळे नकारात्मक उत्तराने हत्ती निरोगी ठरत नाही. रक्तरसातील प्रतिपिंडे काही मिनिटांत दाखविणाऱ्या चाचणीस २००७ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. ती संवर्धनाच्या कित्येक महिने आधी इशारा देऊ शकते, मात्र इशारा म्हणजे निदान नव्हे.

क्षयाखेरीज इतर जंतूंच्या बाबतीत पाहणीचे लक्ष प्रेक्षकांवर अधिक असते. जानेवारी १९९६ मध्ये डेन्व्हर येथील प्राणिसंग्रहालयात कोमोडो सरड्यांचे प्रदर्शन पाहून गेलेल्या अनेक मुलांना साल्मोनेलाचा आंत्ररोग झाला. सरड्यास कोणीच हात लावला नव्हता. जंतू सापडला तो एका सरड्यात आणि प्रदर्शनाभोवतीच्या लाकडी कठड्यावर. ज्यांनी नंतर हात धुतले होते, ती मुले बव्हंशी बचावली.

बाधित प्राण्याचे काय करावयाचे, हा प्रश्न अजून वादग्रस्त आहे. गुरांच्या निर्मूलन मोहिमांतील रीतीप्रमाणे तो मारून टाकणे, हा दीर्घकाळ रूढ उपाय होता. दुर्मिळ जातींच्या बाबतीत तो न पटल्याने आयसोनियाझिड, रिफँपिसीन इ. औषधे देण्यास प्रारंभ झाला. हत्तीस ती सुमारे वर्षभर, तोंडाने न घेतल्यास गुदमार्गे, द्यावी लागतात. अर्धवट उपचाराने औषधास दाद न देणारे जंतू निर्माण होण्याचा धोका राहतो आणि तो सेवकांनाही भोवू शकतो.

जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असल्याने येथे माणसाकडून प्राण्याकडे होणाऱ्या संक्रमणास विशेष महत्त्व आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या सेवकांची दर दोन वर्षांनी वैद्यकीय तपासणी करावी आणि प्राण्यांना लागू शकणारा रोग त्यांच्यात नाही याची खात्री करून घ्यावी, असे प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेविषयीच्या नियमांत सांगितले आहे. हा नियम प्राण्यांच्या रक्षणाच्या भूमिकेतून लिहिलेला आहे. प्राण्यापासून सेवकास होणाऱ्या संसर्गाचा विचार त्याच्या शब्दांत दिसत नाही. प्राधिकरणाने २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतील हत्ती वन खात्याच्या तळांवर व अभयारण्यांत हलविण्याचे आदेश दिले. तळांवरील माहूत व चाराकापे हत्तीच्या लगत राहतात. त्यांची आणि हत्तीची तपासणी एकाच वेळी होऊन दोन्ही नोंदी एकत्र ठेवल्या गेल्यास संसर्गाचा माग काढणे सुलभ होते.