दोन सेंटांची थैली

'पैसाफंड' म्हटले की आपल्याला तळेगावचा काचकारखाना आणि अंताजी दामोदर काळे आठवतात. ज्याने त्याने एकेक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदे उभे राहावेत, अशी ती साधी कल्पना. तिच्या पुष्कळ आधी अमेरिकेतील बॉस्टन शहरात काही बायकांनी असाच एक फंड काढला होता. त्यांनी पैसा कसा जमविला, हे तर सांगितले पाहिजेच. पण जमविलेला पैसा त्यांनी कोणाच्या हाती ठेवला, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

२३ मार्च १८६९. ट्रेमॉन्ट स्ट्रीटवरील मेथडिस्ट चर्चमध्ये हिंदुस्थानातून परतलेल्या दोघी मिशनरी-पत्नी, लोइस पार्कर आणि क्लेमेंटिना बटलर, बोलणार होत्या. बाहेर मुसळधार पाऊस. जमल्या त्या अवघ्या आठ जणी! व्याख्यानमाला चालविणाऱ्यांना असा दिवस ठाऊक असतो. विषय होता पडद्याआडच्या स्त्रियांचा. तेथे पुरुष डॉक्टरास वा शिक्षकास प्रवेश नाही, तेव्हा स्त्रियाच धाडल्या पाहिजेत, असे त्या दोघींचे म्हणणे होते. आठवड्याभरात 'वुमन्स फॉरेन मिशनरी सोसायटी' उभी राहिली. बहुतेक सभासद घरसंसार सांभाळणाऱ्या बायका; धर्मगुरुपदाची दीक्षा त्या काळी त्यांच्या चर्चमध्ये स्त्रीला मिळत नव्हतीच.

चर्चच्या मुख्य मिशनरी मंडळाचा कारभार पुरुषांकडे होता. त्याच्या चिटणिसांनी बायकांना सुचविले, की तुम्ही वर्गणी गोळा करा आणि आमच्याकडे द्या; कोणाला पाठवायचे, कोठे खर्च करायचा, ते आम्ही पाहू. सूचना सौम्य होती, आणि चिटणीस दुष्ट होते असेही नाही. पण बायकांनी ती मानली नाही. अखेर तडजोड झाली. त्यांनी आपली थैली आपल्याकडे ठेवावी, माणसेही आपण निवडावीत. मात्र उपासनेला जमलेल्या मंडळींपुढे ताट फिरवून पैसे मागू नयेत. मुख्य मंडळाच्या वर्गणीला धक्का लागू नये, हा त्यातील हेतू.

आता ताट फिरवायचे नाही, तर मागायचे कोठे? घरोघरी! 'आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना' असे त्यांनी ठरविले. बावन्न आठवड्यांचे एकशे चार सेंट होतात, म्हणजे वर्षाच्या एक डॉलर वर्गणीहून चार सेंट अधिक. हा हिशेब कोणाही गृहिणीला बाजारखर्चातून जमण्याजोगा होता. अडवण्यासाठी घातलेल्या अटीनेच संस्था माजघरापर्यंत पोहोचली, असे आमचे मत आहे. मे महिन्यात त्यांनी मासिकही काढले. त्याचे नाव 'हीदन वुमन्स फ्रेंड'. आपल्या आज्या-पणज्यांना 'हीदन' म्हणणारे हे नाव आज कानाला बोचते. १८९६ पासून त्यांनीच ते बदलले.

पहिल्या दोघी निवडल्या त्या इझाबेला थोबर्न ही शिक्षिका आणि क्लारा स्वेन ही पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली डॉक्टर. पैसे अपुरे होते. तेव्हा, भारी कपडे सोडून साध्या चिटाच्या झग्यात बॉस्टनच्या रस्त्यांतून हिंडू, पण माणूस गमावणार नाही, असे एका बाईने सभेत सांगितल्याची हकीकत आहे. नोव्हेंबर १८६९ मध्ये दोघी निघाल्या आणि जानेवारी १८७० मध्ये आपल्या मुंबईला उतरून उत्तरेकडे गेल्या.

त्याच एप्रिलमध्ये इझाबेलाबाईंनी लखनौच्या अमीनाबाद बाजारातील एका खोलीत मुलींची शाळा उघडली. तीच वाढत जाऊन पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय झाली. क्लाराबाई बरेलीस राहिल्या. रुग्णालयास जागा हवी होती, ती रामपूरच्या नवाबांच्या मालकीची. मिशनरी मंडळी विकत मागायला गेली, तो नवाबांनी १८७१ मध्ये ती मोफतच देऊन टाकली. या संस्थेला धर्मप्रसार करायचा होता, हे तिने कधी लपविले नाही, आणि आपल्या लोकांना त्याची धास्ती वाटे ती अकारण नव्हती. तरीही एका मुसलमान संस्थानिकाने ख्रिस्ती बायकांना बायकांच्या दवाखान्यासाठी जमीन दिली, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. १८७४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाले.

थैलीचे पुढे काय झाले? इतर पंथांतही अशी स्त्रीमंडळे निघाली होती. प्रेस्बिटेरियन स्त्रियांची मंडळे १९२३ मध्ये त्यांचा कौल न घेताच मुख्य मंडळात मिळवून टाकण्यात आली. आपल्या अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमागे जे अमेरिकन बोर्ड होते, त्यातही स्त्रियांचे मंडळ १९२७ मध्ये विलीन झाले. कारणे नेहमीचीच: दुहेरी कारभार नको, काटकसर हवी. मेथडिस्ट बायका त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिल्या. १९३९-४० मध्ये चर्चची पुनर्रचना झाली, नावे बदलली, पण पैसा आणि माणसे त्यांच्या हाती राहिली. १९६४ मध्ये मात्र परदेशातील कामाचा कारभार चर्चच्या संयुक्त मंडळाकडे गेला. १८६९ साली चिटणिसांनी जे सुचविले होते, त्याच्या बरेच जवळ गोष्ट येऊन पोहोचली. त्याला पंचाण्णव वर्षे लागली.

वर्गणी जमविण्याचे काम बायकांकडेच राहिले.