नाव शुभ, दर्शन अशुभ

ग्वाल्हेरीस किला गेटाजवळ राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे गेल्या हिवाळ्यात एक पांढरा ससा आणला गेला. घरातील धाकट्या मुलीने दिवसभर त्याला मांडीवरून खाली ठेवले नाही. गाजर झाले, कोथिंबीर झाली, गळ्यात रिबीनही झाली. दिवेलागणीनंतर मात्र ती पिंजऱ्याकडे फिरकेना. दिव्याच्या तिरिपेत सशाचे तांबडे डोळे निखाऱ्यासारखे दिसत, नाक सारखे हालत असे, आणि तोंडातून आवाज म्हणून निघत नसे. त्या तांबडेपणाचे कारण सोपे आहे. तशा सशाच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसते, म्हणून आतील रक्ताचा रंग बाहेर दिसतो. परंतु कारण कळल्याने भीती जाते, असे वकिलीच्या धंद्यात तरी मला कधी आढळले नाही.

हा पाळीव ससा मूळचा युरोपातला. आपला रानससा निराळा. तो बिळे करून राहत नाही, गवतात दबून बसतो, आणि त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. आपल्या वाङ्मयात वावरतो तो हाच, आणि त्याचे कौतुक करण्यात पूर्वजांनी कसूर केलेली नाही. चंद्रावरील डागात त्यांना तो दिसला आणि चंद्र शशांक झाला. शशजातकातला ससा, अतिथीला देण्याजोगे जवळ काही नाही म्हणून, स्वतःच अग्नीत उडी घेतो. तो अतिथी शक्र असतो, आणि सशाची आकृती तो चंद्रावर रेखून ठेवतो. पंचतंत्रात तर याच दुबळ्या प्राण्याने सिंहाला विहिरीत लोटले.

असे असता, सहाव्या शतकातील उज्जयिनीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेच्या शकुनप्रकरणात सशाला सर्प, वराह आणि घोरपड यांच्या पंक्तीस बसविलेले पाहून नवल वाटते. यांच्या नावाचा उच्चार शुभ, परंतु यांचे दर्शन आणि यांचा आवाज अनिष्ट, असे तो सांगतो. नाव शुभ आणि दर्शन अशुभ! गोजिरवाणा ससा मधूनच भयाण का वाटतो, या प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी मी अन्यत्र पाहिलेली नाही. नाव आपण दिलेले असते, आणि त्या नावात आपल्याला हवा तसा ससा असतो. वाटेत आडवा येतो तो दुसराच कोणी.

या शकुनाचा पुढला धागा आमच्याच मुलुखात सापडतो. चंबळ आणि सिंध या नद्यांच्या खोऱ्यात, शिंदेशाहीच्या गावांतूनही, ठगांच्या टोळ्या वावरत. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या सांकेतिक बोलीचा आणि शकुनांचा संग्रह 1836 साली कलकत्त्यास छापला. रात्री सशाचा आवाज ऐकूनही जो पुढे जाईल तो रानात मरून पडेल, आणि त्याच्या कवटीत साचलेले पावसाचे पाणी ससा पिईल, अशी ठगांची समजूत होती. वाटसरूंचे गळे आवळणाऱ्यांनी सशाला भ्यावे याचे प्रथम हसू येते. पण ती कल्पना नीट न्याहाळली म्हणजे हसू मावळते. हा ससा दात विचकत नाही, अंगावर धावत नाही. तो फक्त पाणी पितो.

ससा बहुधा मुकाच असतो. परंतु कुत्र्याच्या जबड्यात किंवा फासात सापडला म्हणजे तो किंकाळी फोडतो, आणि ती तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखी असते असे ऐकणारे सांगतात. ज्याला आपण मुका ठरविले त्याला कंठ आहे, आणि तो नेमका आपल्या हातात असतानाच फुटतो! माझ्या मते भीतीचे मूळ येथे आहे; डोळ्यांत किंवा दातांत नव्हे.

आमच्या किल्ल्याची कथा शिकारीपासूनच सुरू होते. शिकारीत तहानलेल्या सूरजसेनाला ग्वालिपा साधूने पाणी दिले, त्याचे कुष्ठ बरे झाले, आणि साधूच्या नावाने गड ओळखला जाऊ लागला. तशाच दुसऱ्या दोन शिकारकथांत मात्र ससा आहे. फर्नांव नुनिज या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने सोळाव्या शतकात विजयनगरची हकीकत लिहिली. तीत राजाच्या कुत्र्यांवर एक ससा उलटतो, आणि एका तपस्व्याच्या सांगण्यावरून तेथेच राजधानी वसते. 1411 साली वसलेल्या अहमदाबादची लोककथाही हीच. राजांनी त्यात भूमीचा गुण पाहिला. कुत्र्यांच्या बाजूने ही कथा कोणी सांगितल्याचे मला ठाऊक नाही.

उलटलेल्या सशाचे सर्वांत विलक्षण चित्र मात्र एका कायद्याच्या पोथीत आहे. पोप नवव्या ग्रेगरीच्या धर्मशासनाची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या समासांतील चित्रे 1340 च्या सुमारास रंगविलेली. वर गंभीर कलमे, आणि खाली ससे एका शिकाऱ्याला बाणाने टिपतात, बांधून न्यायासनापुढे नेतात, आणि त्याचा शिरच्छेद करतात. मग कुत्र्याची पाळी. त्यालाही रीतसर खटला आणि फाशी. विद्वान याला उलट्या जगाचा विनोद म्हणतात, आणि तो विनोद आहेच. पण सूडच घ्यायचा तर सशांनी शिकाऱ्याला रानातच संपविले असते. न्यायासन कशाला हवे होते? आरोप शाबीत होण्याजोगे काहीतरी आपल्या हातून घडले आहे, अशी शंका चित्रकाराच्या मनात डोकावली असावी.

आधुनिक करमणुकीने यात फारशी भर घातलेली नाही. 1972 च्या एका अमेरिकन चित्रपटात अजस्र ससे माणसांवर सोडले, आणि लोक हसले. उलट 1978 च्या ‘वॉटरशिप डाऊन’मधले ससे सशांएवढेच होते, फक्त त्यांना यातना होत होत्या आणि ते बोलत होते, लहान मुलांस योग्य ठरविलेला तो चित्रपट पाहून ब्रिटनमधील कित्येक मुले भेदरली.

मराठीत एक शब्द आहे, ससेहोलपट. अर्जांतून मी तो अनेकदा लिहिला आहे, आणि लिहिताना अर्जदाराखेरीज दुसऱ्या कोणाचा विचार केलेला नाही. किला गेटाच्या त्या घरी परवा पुन्हा गेलो, तेव्हा ससा मुलीच्या मांडीवर होता. तिने मला विचारले, “काका, हा कधी ओरडत का नाही?” मी म्हटले, “ओरडत नाही तेच बरे आहे, बाळ.” तिने त्याला हळूच खाली ठेवले.