संगणकाचा पडदा धूसर का दिसतो?

संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे धूसर दिसू लागली, की मॉनिटर बिघडला असे समजून नवा घेण्याचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष यंत्रात नसून सेटिंगमध्ये असतो. देवनागरी वाचणाऱ्यास तो लवकर जाणवतो. शिरोरेषा फिकट होऊन पसरते आणि अनुस्वाराचा ठिपका तिच्यात मिसळून जातो.

पूर्वीच्या सीआरटी मॉनिटरवर वेगवेगळी रिझोल्यूशन बऱ्यापैकी स्वच्छ उमटत. तेथे मुख्य तक्रार असे ती चित्र लुकलुकण्याची, व त्यासाठी रिफ्रेश रेट ६० ऐवजी ७५ किंवा ८५ हर्ट्झ ठेवला जाई. एलसीडी पडद्याचे तसे नाही. त्यावरील पिक्सेलची संख्या कारखान्यातच ठरलेली असते. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यावर १३६६ बाय ७६८ चे चित्र पाठविल्यास मूळचा प्रत्येक पिक्सेल आडवा व उभा सुमारे १.४ पट ताणावा लागतो. अर्धामुर्धा पिक्सेल उजळता येत नाही, म्हणून शेजारच्या बिंदूंचे रंग एकमेकांत मिसळले जातात. धूसरपणा येतो तो येथून.

विंडोज १० व ११ मध्ये डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी माउसचे उजवे बटण दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडता येतात. रिझोल्यूशनच्या यादीत ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले असते, तेच सहसा पडद्याचे मूळ रिझोल्यूशन होय. ते निवडताच अक्षरे बारीक होतात, आणि नेमक्या याच कारणाने, विशेषतः ज्येष्ठांच्या संगणकावर, ते मुद्दाम कमी केलेले आढळते. हेतू चांगला, पण उपाय चुकीचा. रिझोल्यूशन मूळचेच ठेवून 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के केल्यास अक्षरे मोठी होतात आणि रेषाही रेखीव राहतात. काही जुने प्रोग्रॅम मात्र त्यानंतरही अंधुक दिसतात.

मूळ रिझोल्यूशन यादीतच नसेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर तपासावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' हे नाव दिसणे ही योग्य ड्रायव्हर नसल्याची खूण आहे. जोडणी जुन्या व्हीजीए केबलची असल्यास मॉनिटरवरील 'ऑटो' बटण एकदा दाबून पाहावे.

दूरचित्रवाणी संच मॉनिटर म्हणून वापरताना चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर त्याचे कारण ओव्हरस्कॅन; ते संचाच्याच मेनूतून बंद करावे लागते. तेथील 'शार्पनेस' वाढविण्याचा मोह टाळावा. त्याने अक्षरांभोवती पांढुरकी कड उमटते.