शब्दवेध : कौल

सातारचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी हे चुलतभाऊ लढून थकले आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणा सीमा ठरली. एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, हेही ठरलं. राजांचं भागलं. पण लढायांच्या धामधुमीत परागंदा होणाऱ्या कुळांचं काय? त्यांना गावी परत बोलावणारा कागद म्हणजे कौल. अरबीत 'कौल' म्हणजे बोल, दिलेला शब्द. (घरावरचं कौल वेगळं!) शरण येणाऱ्या किल्लेकऱ्यालाही कौलच मिळे. देवाचा नि मतदारांचा कौल आज जास्त ऐकू येतो; मला मात्र हा जुना अर्थ मोलाचा वाटतो, कारण इथे तलवारवालाच शब्दात अडकतो. लुटीची धास्ती असेतो कूळ परतत नसे. म्हणून कौलात आधी अभय, मग शेतसाऱ्याची सूट.