एक नाव, दोन गवते : उत्तर अमेरिकेतील नळगवताच्या आगमनाचा इतिहास

पाणथळ जागी वाढणाऱ्या उंच, पोकळ दांड्याच्या नळगवताशी मानवी संस्कृतीचे नाते फार जुने आहे. याच जातकुळीतील काड्या तासून बोरू व कलम तयार होत असत. अरबीतील ‘कलम’ या शब्दाचे नाते ग्रीक ‘कॅलमॉस’ या शब्दाशी आहे आणि त्याचा अर्थच नळ असा आहे. दक्षिण इराकच्या दलदलीत आजही नळाच्या जुड्या बांधून ‘मुदीफ’ ही कमानदार अतिथीगृहे उभारतात. शास्त्रीय परिभाषेत फ्रॅग्मायटीस ऑस्ट्रेलिस या नावाने ओळखले जाणारे हे गवत उत्तर अमेरिकेत मात्र आक्रमक तण ठरले. ते तेथे परके की देशी, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता.

ते देशी असल्याचा पुरावा भक्कम होता. ॲरिझोनातील रॅम्पार्ट गुहेत नामशेष झालेल्या स्लॉथ या प्राण्याच्या वाळलेल्या विष्ठेत या गवताचे अवशेष सापडले होते. कनेक्टिकटच्या खाऱ्या दलदलीतील हजारो वर्षे जुन्या थरांतही त्याची मुळे आढळली. नैऋत्येकडील मूळ रहिवासी त्याच्यापासून चटया व बाणांचे दांडे बनवीत. मात्र ही गोष्ट मान्य केली, तर दुसरा प्रश्न उभा राहत होता. हजारो वर्षे दलदलीच्या कडेला गुण्यागोविंदाने नांदणारे हे गवत गेल्या दीडशे वर्षांतच इतके का माजले? काहींनी प्रदूषणाला दोष दिला, तर काहींनी दलदलीत भराव घालून केलेल्या बांधकामांना.

या कोड्याचे उत्तर 2002 मध्ये मिळाले. येल विद्यापीठात संशोधन करणाऱ्या क्रिस्टिन सॉल्टनस्टॉल यांनी जगभरातून गोळा केलेल्या नमुन्यांच्या हरितलवकातील डीएनएचे दोन भाग तपासले. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवकाचा डीएनए केवळ मातृवृक्षाकडून येतो. त्यामुळे बियांच्या वंशरेषेचा माग काढण्यास तो सोयीचा असतो. या तपासणीत एकूण 27 वंशप्रकार वेगळे करता आले आणि त्यांपैकी 11 उत्तर अमेरिकेचे मूळचे ठरले. परंतु किनाऱ्यावर फोफावलेले गवत या अकरांपैकी नव्हते. ते ‘एम’ या प्रकाराचे होते आणि हा प्रकार युरोप व आशियात सर्रास आढळतो.

या निष्कर्षाला ऐतिहासिक बळ मिळाले ते वनस्पतिसंग्रहालयांतील वाळवलेल्या नमुन्यांमुळे. 1910 पूर्वी गोळा केलेल्या नमुन्यांत देशी प्रकारांचेच प्राबल्य होते. आधुनिक नमुन्यांत मात्र न्यू इंग्लंडमधून देशी प्रकार जवळजवळ नाहीसे झालेले दिसले. म्हणजे आक्रमण झाले होते. पण दोन्ही गवते एकाच नावाने ओळखली जात असल्याने ते कोणाच्या ध्यानी आले नाही. अशा घटनेला शास्त्रज्ञ ‘छुपे आक्रमण’ म्हणतात. 2004 मध्ये देशी गवताला ‘अमेरिकानस’ ही स्वतंत्र उपजात म्हणून मान्यता देण्यात आली.

परके गवत एकोणिसाव्या शतकात अटलांटिक किनाऱ्यावरील बंदरांत आले असावे, असे मानले जाते. त्या काळी जहाजांचा तोल राखण्यासाठी तळाशी माती-दगड भरत आणि बंदरात पोहोचल्यावर ते उतरवून टाकत. त्याबरोबर बिया व मुळांचे तुकडे येणे सहज शक्य होते. पुढील प्रवासाचे चित्र कॅनडातील क्वेबेक प्रांतात स्पष्ट दिसते. तेथे परका प्रकार 1916 पासून आढळतो. पण 1970 च्या दशकापर्यंत तो सेंट लॉरेन्स नदीच्या काठापुरता मर्यादित होता. महामार्गांचे जाळे वाढल्यावर रस्त्याकडेच्या ओलसर चरांतून तो दूरवर पसरला.

प्रसाराची रीत समजून घेण्यात जनुकीय विविधतेचा अभ्यास निर्णायक ठरला. हे गवत जमिनीखालील खोडांनीच पसरते, असा समज होता. तसे असते तर एका परिसरातील सर्व झुडपे जनुकीयदृष्ट्या एकसारखी निघाली असती. चेसापीक उपसागरातील अभ्यासात मात्र एकाच बेटात अनेक जनुकप्रकार आढळले. याचा अर्थ प्रसार मुख्यतः बियांनी होत होता. हे गवत बहुतांशी परपरागणावर अवलंबून असल्याने जेथे विविधता अधिक तेथे सकस बियाही अधिक धरतात. शेतांतून वाहून येणारा नत्र आणि खणून मोकळा केलेला किनारा त्यांना रुजण्यास साहाय्य करतो.

यातील व्यावहारिक बाजूही महत्त्वाची आहे. परके गवत समजून देशी गवतावरच तणनाशक फवारले गेले, तर आधीच विरळ झालेला वारसा संपेल. म्हणून निर्मूलनापूर्वी ओळख पटवणे आवश्यक ठरते. देशी गवताचे दांडे गुळगुळीत व उन्हाळ्यात तांबूस असतात आणि त्यांवरील पानांची आवरणे गळून पडतात. परक्या गवताचे दांडे रेषाळ व फिकट असून आवरणे घट्ट चिकटून राहतात.

शंभर वर्षांपूर्वी ज्या कुणी एक काडी कागदावर चिकटवून तिच्याखाली स्थळ व तारीख लिहिली, त्याला डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता. तरीही या इतिहासाचा सर्वांत मोलाचा साक्षीदार तोच कागद ठरला. महाविद्यालयाच्या कपाटातील जुना वनस्पतिसंग्रह जपून ठेवणे आणि विद्यार्थ्यांना प्रत्येक नमुन्याखाली स्थळ व दिनांक काटेकोरपणे लिहावयास शिकवणे, हे काम म्हणूनच किरकोळ मानता येत नाही.