परळचे रुग्णालय आणि मुलांचे मज्जातंतू



आपल्या भागातल्या माणसाला परळ ठाऊक झाले ते दोन गोष्टींमुळे. एक गिरणी आणि दुसरे टाटांचे रुग्णालय. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले. रुग्णालय मात्र उभे आहे. मेहरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि दोराबजींच्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी हे रुग्णालय उघडले. 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. शाळा लवकर सुटली, पुढचे सारे वाचून शिकलो. मग वैद्यकावर बोलण्याचा आम्हांस अधिकार कोणता? अधिकार नाही, ऋण आहे. एका ऊसतोड कामगाराच्या मुलाच्या मानेला गाठी आल्या. निदान झाले लिम्फोमा, म्हणजे लसिका-ग्रंथींचा कर्करोग. औषधांनी गाठी विरल्या, पण मुलगा पाय फरफटू लागला. बाप म्हणाला, "सुया पोराला लुळा करताहेत." आम्हीही मान डोलावली. उपचार सुटले. काही महिन्यांनी डोकेदुखी आली, ओकाऱ्या आल्या, तोंड एका बाजूस वाकडे झाले. मुलगा वाचला नाही. त्या मान डोलावण्याचा हिशेब आम्ही आज देत आहो.

पाय का फरफटत होता? आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध निघते. अमेरिकेत ते 1963 साली वापरात आले. ते कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते, तसेच हातापायांच्या मज्जातंतूंनाही दुखवते. मुंग्या येतात, पाऊल लोंबते, शौचास अडते. परंतु डॉक्टरांना वेळेवर सांगितले, तर मात्रा कमी करता येते, व्यायाम देता येतो आणि बहुतेक मुले हळूहळू सावरतात. हे आम्हांस ठाऊक नव्हते.

आणि तोंड वाकडे का झाले? त्याचा इतिहास मोठा आहे. 1948 साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन रोग काही काळ मागे हटवला. त्या औषधामागे आपल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचे काम होते. पण रोग परतू लागला, आणि पुष्कळदा मेंदूच्या आवरणातून. रक्तातली बरीच औषधे मेंदूत नीट पोचत नाहीत. तिथे रोग दडून बसतो. लिम्फोब्लास्टिक आणि बर्किट जातीच्या लिम्फोमातही हीच भीती असते. म्हणून मेम्फिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी 1962 पासून नवी रीत बसवली. त्यांच्या उपचारात डोक्याला किरण आणि पाठीच्या कण्यातून औषध यांना पुढे मुख्य स्थान मिळाले. 1984 पासून परळ, मद्रास आणि दिल्ली येथील रुग्णालयांनी एमसीपी-841 ही समान पद्धत चालवली. तीतही हे दोन्ही होते.

पण किरणांचीही किंमत होती. काही मुले वाचली, पण अभ्यासात मागे पडली, त्यांची वाढ खुंटली. म्हणून पुढे बऱ्याच मुलांचे किरण टाळून कण्यातील औषधांवर आणि मोठ्या मात्रेच्या मेथोट्रेक्झेटवर भर देण्यात आला. मेथोट्रेक्झेटनेही क्वचित झटके येतात, एक बाजू काही वेळ लुळी पडते. म्हणून त्यावरही पहारा ठेवावा लागतो.

व्हिन्क्रिस्टीन शिरेतूनच द्यायचे असते. चुकून कण्यात गेले, तर बहुधा मृत्यू. दोन्ही औषधांच्या सुया एकाच ताटात आल्याने जगात असे अपघात झाले. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले की ते सुईत न भरता छोट्या पिशवीतून द्या. पिशवी कण्याला लावता येत नाही!

कामगाराला यातले मर्म लगेच कळेल. यंत्राने बोट कापले म्हणून आपण गिरणी बंद करा म्हटले नाही. यंत्राला जाळी बसवा म्हटले. औषधाचेही तसेच आहे. उपचार सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

म्हणून मिरजगावकरांना आमची विनंती एवढीच. गाठीवर औषध चालू असलेले पोर लंगडू लागले, डोके दुखते म्हणाले, त्याला झटका आला, तर घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गाडीभाड्याची अडचण असेल तर वर्गणी काढा. संपाला काढतो, तशीच. आणि बाप थकून परत फिरू लागला, तर आमच्यासारखी मान डोलावू नका.