झगा, चीवर आणि सहा मीटर खादी

११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजेलिसला 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेचं ऑस्कर जाहीर झालं, ते दोघांना विभागून. एक आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया आणि दुसरे इंग्लंडचे जॉन मोलो. भानूताईंचं नाव आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून पाठ केलेलं असतं, ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणून. मोलोंचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. गंमत म्हणजे त्यांचं हे दुसरं ऑस्कर होतं. पहिलं मिळालं होतं 'स्टार वॉर्स'साठी! म्हणजे ओबी-वान केनोबीचा तो तपकिरी झगा आणि बापूंची खादी, दोन्हींच्या मागची माणसं एकाच चित्रपटावर कामाला होती.

हे सगळं निघालं आमच्या मुलुंडच्या भाचीमुळे. तिला यंदा कॉमिक कॉनला केनोबी होऊन जायचंय. "मावशी, साधा झगाच तर आहे, तू दोन तासांत शिवशील," असं फोनवर सांगून ती मोकळी झाली. (ताई, तुझी लेक तुझ्यावरच गेली आहे.)

तर हा साधा झगा. १९७७ च्या मूळ चित्रपटात अ‍ॅलेक गिनेसच्या अंगावर तो आहे. जाडसर, तपकिरी, पायघोळ, रुंद बाह्यांचा आणि डोक्यावर ओढून घ्यायच्या टोपडय़ाचा. थोडा युरोपातला मठवासी, थोडा जपानी सामुराई. आपल्याला हे टोपडं नवं नाही. पावसात शेतावर निघालेला माणूस घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो, ती आठवा. गिनेसचा तो झगा पुढे लंडनच्या वेशभूषा भाड्याने देणाऱ्या दुकानात पडून होता. 'द ममी' या चित्रपटात तो एका किरकोळ पात्राने घातला, लोकांनी पार्ट्यांसाठी भाड्याने नेला, आणि तो नेमका कोणता झगा हे कळल्यावर २००७ साली लिलावात त्याचे ५४,००० पौंड आले. कपडा तोच, फक्त त्याला नाव चिकटलं.

त्याच १९७७ सालात आपल्याकडेही एक झगा पडद्यावर आला होता. 'शिर्डी के साईबाबा'मधली सुधीर दळवींची कफनी. कफनी हा शब्द कफनावरून आलेला. जिवंतपणीच प्रेतवस्त्र पांघरलेला माणूस तो फकीर. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक तरी छोटे साईबाबा असायचेच, कारण आयांच्या मते ती वेशभूषा सर्वात सोपी.

सोपी कशी असेल? ब्लाउज किंवा कुडत्यात कापड वाईट असलं तरी कट चांगला असला की निभतं. झग्यात निभत नाही. उभे दोन भाग, दोन बाह्या, टोपडं. लपायला जागाच नाही. सगळं काम कापडाच्या पडण्यावर. बाह्या जड झाल्या की झगा मागे ओघळतो आणि गळ्याला काचतो, म्हणून खांद्यात आणि मानेत आतून पट्टी टाकावी लागते. लोकर मुंबईत अशक्य. मुलुंडच्या उकाड्यात पोरगी अर्ध्या तासात उकडून निघेल. टेरिकॉट चमकतं, आणि विरक्त माणूस चमकला की संपलंच. मांजरपाट कच्च्या नमुन्यापुरता ठीक. केसमेंट जवळ जातं, पण फार सपाट, गुळगुळीत. राहता राहिली जाड, हातकताईची खादी. सुतात गाठी असलेली, सहा मीटर.

दुकानात खादीचा तागा हातात घेतला आणि भानूताई आठवल्या. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठी काम केलेले. ते लहानपणीच गेले. भानू मुंबईत येऊन जे. जे.त शिकली, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली, आणि १९५६ च्या 'सी. आय. डी.'पासून ती चित्रपटांच्या कपड्यांत रमली. १९६६ च्या 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासली. वैजयंतीमालाचा नर्तकीचा वेश सगळ्यांना माहीत आहे. पण चित्रपटाच्या शेवटी हीच आम्रपाली सगळं उतरवून साध्या वस्त्रात बुद्धाकडे जाते, आणि तो साधेपणा पटतो तो आधीच्या झगमगाटाइतकाच विचार त्याच्या मागे असल्यामुळे, असं माझं मत.

'गांधी'त तर परीक्षाच होती. मोलोंचा अभ्यास लष्करी गणवेशांचा, त्यामुळे इंग्रज साहेब-शिपाई हे त्यांचं क्षेत्र. भारतीय माणसं भानूताईंची. बॅरिस्टरचा सूट शिवणं त्या मानाने सरळ. १९२१ साली मदुराईत बापूंनी पंचा जवळ केला, आणि तिथून पुढे वेशभूषाकाराच्या हातात उरतं काय? एक पंचा, एक उपरणं. सुताची जाडी, धुवून धुवून आलेला मऊपणा, पांढऱ्याच्या छटा, एवढ्यावर माणसाचं वय आणि काळ सांगायचा.

विरक्ताच्या कपड्याला इतकी मेहनत लागते, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बौद्ध विनयात चीवर अखंड कापडाचं नसावं असा नियम आहे. तुकडे कापून ते जोडायचे, आणि जोड कसे, तर मगधातल्या भातखाचरांच्या बांधांसारखे. ही रचना आनंदाने बेतली अशी कथा आहे. कापलेल्या कापडाला बाजारात किंमत नाही, म्हणून चोराची भीती नाही. रंग मुळं, साली, लाकूड, पानं, फुलं, फळं यांचा. म्हणजे ज्याने सगळं सोडलं त्याला शिवणकाम मात्र सुटलं नाही!

आणि याचा खर्चही कुणीतरी उचलायचं. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने २,००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे ठेवली, महिना शेकडा एक व्याजाने. करा हिशेब. वर्षाचे २४०. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. एक पैसा इकडे-तिकडे नाही. दात्याचं नाव दगडात कोरलं गेलं, विणकरांच्या श्रेणीचाही उल्लेख आला. तुकडे जोडणारे हात कुणाचे, ते दगडावर नाही.

बोरिवलीकरांना यासाठी नाशिकलाही जायला नको. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत दोन टोकांना दोन प्रचंड बुद्धमूर्ती उभ्या आहेत, सुमारे सात मीटर उंच. पिकनिकवाले तिथे फोटो काढून पुढे जातात. पुढच्या वेळी जरा वस्त्राकडे बघा. इतकं झिरझिरीत, की खालची अंगकाठी दिसते. मला वाटतं, या हवेत कोणतं कापड अंगावर टिकेल हे त्या शिल्पकाराला पुरतं ठाऊक होतं.

भानूताईंनी २०१२ साली आपली ऑस्करची बाहुली अकादमीकडे परत सोपवली. आपल्यामागे ती इथे नीट सांभाळली जाईल याची त्यांना खात्री नव्हती. त्याआधी २००४ साली शांतिनिकेतनातून टागोरांचं नोबेल पदक चोरीला गेलेलं, तेव्हा त्यांना चूक कोण म्हणणार? १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या गेल्या. करोनाचे दिवस. बातमी आली आणि दुसऱ्या बातम्यांखाली गेली. भाचीला त्यांचं नाव सांगितलं तर तिने विचारलं, "त्यांनी स्टार वॉर्स केला होता?" नाही गं, पण केला त्याच्या शेजारी बसून त्यांनी काम केलं.

असो. खादी आटते, म्हणून ती आधी रात्रभर भिजवून वाळवली. बाजारातला तयार तपकिरी रंग फार चॉकलेटी निघाला असता, म्हणून खैराचा कात आणून त्यात उकळायचं ठरवलंय. दोन-तीनदा बुडवावी लागेल. पातेलं मोठं हवं. मामी, तुमचं लग्नकार्यातलं ते पितळी पातेलं घेऊ का? कात पितळेला लागणार नाही, असं मी म्हणत नाही.